पंख मागे, पंखे पुढे

१९८८ सालचा एप्रिल महिना. वार्षिक परीक्षा नुकतीच आटोपली होती. वास्कोजवळ चिखलीला आम्ही राहायचो. बाबा मुरगाव बंदरात नोकरीला. दाबोळीचं पठार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे विमानाचा आवाज आमच्या घरात कुकरच्या शिट्टीइतकाच नेहमीचा. मुंबईचं विमान कुठलं, नौदलाचं सी हॅरियर कुठलं, पाणबुड्या शोधायला समुद्रावर जाणारं आयएल-३८ कुठलं, हे मान वर न करता सांगता यायचं. घरात सगळ्यांनाच ते यायचं, पण वहीत लिहून ठेवायची सवय फक्त मला होती. शाळेच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून, दोऱ्याने शिवून मी ती वही केली होती. वेळ, दिशा, पंख, इंजिनं, शेपूट असे रकाने आखले होते. अकरा वर्षांची होते मी.

त्या सकाळी जो आवाज आला तो यांतला कुठलाच नव्हता. कानाला कळायच्या आधी तो छातीत जाणवला. मग फडताळातले स्टीलचे पेले किणकिणायला लागले. मी अंगणात धावले. माडांच्या शेंड्यांवरून ते पुढे आलं, रुपेरी-राखाडी, आणि इतकं लांब की त्याची शेपूट माडांआडून बाहेर यायला वेळ लागला असं वाटलं. पंख मागे वळलेले होते, जेट विमानाचे असतात तसे. आणि त्या मागे वळलेल्या पंखांवर पुढच्या बाजूला चार ठिकाणी पंखे फिरत होते.

मी चित्र काढलं. शेजारी एक काका राहायचे, नौदलातून निवृत्त झालेले. संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चित्र मन लावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, पंख्यांच्या विमानाचे पंख सरळ असतात. मागे वळलेले पंख म्हणजे जेट. तू सकाळी दोन विमानं पाहिलीस आणि चित्रात एक केलीस."

त्यांनी आयुष्यभर जी विमानं पाहिली होती त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं. मी घरी आले आणि खोडरबराने पंखे पुसून टाकले.

पुढे काही आठवड्यांनी वर्तमानपत्रात फोटो आला. सोव्हिएत संघाकडून घेतलेलं टुपोलेव्ह टीयू-१४२, नौदलाचं नवं लांब पल्ल्याचं टेहळणी विमान, मुक्काम दाबोळी. पंख मागे वळलेले, आणि त्यांवर पंखे. काकांनी स्वतःहून घरी येऊन मला तो अंक दिला. तो मोठेपणा त्यांच्यात होता. मला मात्र आजही त्या पुसलेल्या पंख्यांचं वाईट वाटतं. माझं चित्र खरं होतं. ते मी दुसऱ्याच्या ज्ञानापुढे खोटं ठरवलं.

या लेखाचा विषय तोच आहे. आकाशातलं अनोळखी विमान ओळखायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि ते इतकं अवघड का जातं?

आधी त्या विमानाचं कोडं सोडवू. पंख्याच्या विमानाचा वेग वाढू लागला की एका टप्प्यावर पंख्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाशी झगडू लागतात आणि इंजिनाची ताकद वाया जाते. म्हणून पंख्यांची बहुतेक विमानं त्या मानाने संथ उडतात, आणि संथ उडणाऱ्या विमानाला पंख मागे वळवायची गरज नसते. काकांचा नियम इथून आला होता. टुपोलेव्हच्या अभियंत्यांनी १९५०च्या दशकात यातून वेगळी वाट काढली. एकेका इंजिनावर त्यांनी दोन पंखे बसवले, एकामागे एक आणि उलट दिशेने फिरणारे. पुढच्या पंख्याने हवेला दिलेला पीळ मागचा पंखा सोडवतो. एका इंजिनाची ताकद सुमारे १५,००० अश्वशक्ती. पाती मोठी, फिरण्याची गती त्या मानाने कमी. टीयू-९५ हे बॉम्बफेकी विमान १९५२ साली पहिल्यांदा उडालं, आणि टीयू-१४२ हे त्याचंच समुद्रावर जाणारं भावंड. त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे जवळपास जेटइतका. म्हणून पंख मागे. आणि आमच्या फडताळातले पेले किणकिणले ते त्या उलटसुलट फिरणाऱ्या पात्यांमुळे.

नियम माहीत असलेल्या माणसाला नियमाबाहेरची वस्तू दिसत नाही, ही गोष्ट पुढे मला पुस्तकांतून वारंवार भेटत गेली. तिचं सगळ्यात मोठं उदाहरण १० मे १९४१ च्या रात्रीचं आहे.

ब्रिटनमध्ये तेव्हा ऑब्झर्व्हर कोअर नावाची स्वयंसेवकांची संघटना होती. स्थापना १९२५ सालची. गावोगावी टेकडीवर, माळावर वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला एक ठाणं, त्यात दोन-तीन माणसं, दुर्बीण, नकाशा, दिशा आणि उंची मोजायचं एक साधं यंत्र आणि टेलिफोन. रडार होतं, पण ते समुद्राकडे तोंड करून उभं होतं. विमान किनारा ओलांडून आत आलं की पुढे त्याचा माग फक्त या माणसांच्या डोळ्यांनी आणि कानांनी काढायचा. १९४०च्या हवाई युद्धात त्यांनी केलेल्या कामगिरीबद्दल एप्रिल १९४१ मध्ये संघटनेच्या नावामागे 'रॉयल' हा शब्द लागला.

त्यानंतर महिनाभरात ती रात्र आली. ईशान्य इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड किनाऱ्यावर रात्री दहानंतर एकटं विमान आत आलं, फार खालून. चॅटन या गावाजवळच्या ठाण्यावरच्या माणसांनी त्याची आकृती पाहिली आणि टेलिफोनवर कळवलं की हे मेसरश्मिट ११० आहे. दोन इंजिनं, लांबट काचेरी छप्पर, शेपटीला दोन उभे पडदे. ओळख अगदी पक्की होती.

हवाई दलाच्या लोकांना ते पटेना. त्यांचा हिशेब असा होता : मेसरश्मिट ११० जर्मनीतून इतक्या उत्तरेला येईल खरं, पण परत जायला त्याच्याकडे इंधन उरणार नाही. ज्या विमानाला परत जाता येणार नाही ते इथे येईलच कशाला? तेव्हा ते दुसरं कुठलं तरी जर्मन विमान असणार, पाहणारे चुकले असणार. हिशेबात एकही बेरीज चुकलेली नव्हती. फक्त एक गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती, की येणाऱ्याला परत जायचं आहे.

त्या विमानात रुडॉल्फ हेस होता, हिटलरचा उपनेता. आउग्सबुर्गहून तो एकटा निघाला होता, जास्तीच्या इंधनाच्या टाक्या लावून, आणि परत जायचा त्याचा विचारच नव्हता. ब्रिटनशी परस्पर तह करता येईल अशी त्याची समजूत होती. ग्लासगोच्या दक्षिणेला ईगलशॅमजवळ त्याने हवाई छत्रीने उडी मारली, त्याचा घोटा दुखावला, आणि त्याला पहिल्यांदा गाठलं ते शेतावरच्या एका नांगऱ्याने. स्वतःचं नाव त्याने आल्फ्रेड हॉर्न असं खोटं सांगितलं. पडलेल्या विमानाचे अवशेष पाहायला ऑब्झर्व्हर कोअरचे मेजर ग्रॅहम डोनाल्ड गेले. ते मेसरश्मिट ११०च होतं. पकडलेला माणूस हॉर्न नसून हेस आहे, हेही त्यांनी चेहऱ्यावरून ताडलं. त्यांच्या नजरेला तसाच सराव होता.

या प्रसंगाचं मला फार महत्त्व वाटतं. टेकडीवरच्या माणसांना 'का' माहीत नव्हतं. विमान इथे का आलं, परत कसं जाणार, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नाही. शेपटीला दोन पडदे दिसले, त्यांनी दोन पडदे कळवले. शहाणपणाचा हिशेब दुसऱ्या टोकाला, टेलिफोन घेणाऱ्या खोलीत चालला होता. पाहणारा आणि तर्क लढवणारा ही दोन वेगळी माणसं असली तर बरं, इतकंच नव्हे. एकाच माणसाला दोन्ही कामं करायची वेळ आली तर आधी पाहावं, लिहावं, आणि मगच डोकं चालवावं.

अशी नजर घडवायची कशी, यावर त्या युद्धाच्या काळात पुष्कळ काम झालं. ब्रिटनमध्ये १९४१ पासून 'द एअरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिकच निघत होतं. पानोपानी काळ्या छायाकृती, खालून, बाजूने आणि समोरून. शाळकरी मुलं त्या पाठ करायची. अमेरिकेत विमानाचे भाग एकेक करून तपासायची पद्धत शिकवली जाई : आधी पंख, मग इंजिनं, मग धड, मग शेपूट. माझ्या वहीतले रकाने मी नकळत त्याच क्रमाने आखले होते. पण ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांनी ती पद्धत उलटी केली. ते पडद्यावर विमानाचं चित्र सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरतं चमकवत. इतक्या वेळात भाग मोजता येत नाहीत. जे दिसतं ते अख्खं दिसतं किंवा दिसतच नाही. सरावाने माणसांना ते जमायला लागलं. ओळखीच्या माणसाला आपण पाठमोरा, चालीवरून ओळखतो, नाक-डोळे तपासत बसत नाही, तसंच. पक्षी पाहणारेही घार आणि गरुड असेच वेगळे करतात.

दोन्ही पद्धती खऱ्या आहेत, पण दोन वेगळ्या कामांसाठी. ओळखीचं विमान एका नजरेत कळतं. अनोळखी विमानाला मात्र भाग मोजूनच सामोरं जावं लागतं, कारण त्याची चाल आपण आधी पाहिलेलीच नसते.

नजर कच्ची असली तर काय होतं तेही त्या युद्धाने दाखवलं. जहाजांवरचे तोफची घाबरून आपल्याच विमानांवर गोळ्या झाडत. म्हणून जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीसाठी ऑब्झर्व्हर कोअरचे ७९६ स्वयंसेवक जहाजांवर नेमले गेले. त्यांचं काम एकच, वर पाहून आपलं की परक्याचं ते सांगणं. जोडीला दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे जाड पट्टे रंगवले होते. त्याच महिन्यात, १३ जूनला पहाटे, केंटच्या किनाऱ्यावर डिमचर्चच्या जुन्या बुरुजावर पहारा देणाऱ्या दोघांना समुद्रावरून शेपटीतून ज्वाळा सोडत, फटफटत येणारी एक वस्तू दिसली. अशी वस्तू ब्रिटनवर त्याआधी कुणी पाहिली नव्हती. ते व्ही-१ होतं, माणसाविना उडणारा बॉम्ब. असं काही येणार याचं वर्णन त्यांना आधी दिलं गेलं होतं, सांकेतिक शब्दही ठरला होता. त्यांनी तो टेलिफोनवर उच्चारला. वर्णन आधी हाती असलं की कधीच न पाहिलेली वस्तूही ओळखता येते.

वर्णनच हाती नसेल तर?

ऑगस्ट १९८९. उत्तर समुद्रात गॅल्व्हस्टन की नावाचा तेलविहिरी खोदायचा फलाट. त्यावर ख्रिस गिब्सन हा अभियंता काम करत होता. तो फावल्या वेळात रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचा स्वयंसेवक होता, आणि तोही साधासुधा नव्हे. विमानं ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी निवडलेल्या संघात तो होता. म्हणजे पडद्यावर छायाकृती चमकली की नाव सांगणाऱ्या, युरोपातल्या मोजक्या माणसांपैकी एक. एका सहकाऱ्याने त्याला बाहेर बोलावलं, वर बघ म्हणून.

वरून विमानांचा एक ताफा चालला होता. गिब्सनने एक झटक्यात ओळखलं : केसी-१३५, हवेत इंधन भरून देणारं अमेरिकी टँकर विमान. त्याच्या बाजूला दोन एफ-१११. तीही ओळखली. आणि टँकरच्या मागे, इंधन घेत असावा अशा जागी, एक काळा त्रिकोण होता. निमुळता, टोकदार, कुठेही खाच नाही, शेपटीचा वेगळा पंख नाही. समभुज नव्हे, लांबुळका. पंखांची कड मागे सुमारे ७५ अंशांनी कललेली.

आता तो माणूस काय करतो ते पाहा. पहिल्यांदा त्याला वाटलं, तिसरं एफ-१११ असेल. या विमानाचे पंख उडताना मागे दुमडता येतात आणि पूर्ण दुमडले की ते त्रिकोणासारखंच दिसतं. पण शेजारी दोन खरी एफ-१११ होती, तुलना समोरच होती. हे त्यांच्यापेक्षा लांब होतं, आणि एफ-१११च्या पंख आणि शेपटीमध्ये जी फट दिसते ती इथे नव्हती. मग एफ-११७? अमेरिकेने हे रडारला चकवणारं विमान वर्षभरापूर्वीच, नोव्हेंबर १९८८ मध्ये, जगाला दाखवलं होतं. पण ते लहान आणि त्याचे पंख इतके मागे नाहीत. फ्रान्सचं मिराज-४? त्याला उभी शेपूट आहे, आणि अमेरिकी टँकरच्या अशा ताफ्यात ते कशाला असेल. एकेक नाव त्याने घेतलं आणि खोडलं. हातातली यादी संपली. त्यानंतर त्याने ओळखपुस्तक काढून पाहिलं. त्यातही नव्हतं.

मग त्याने चित्र काढलं. टँकर, दोन एफ-१११ आणि त्रिकोण, प्रत्येक आपापल्या जागी, आपापल्या मापात.

त्या चित्रातला त्रिकोण मोलाचा आहे तो बाकीच्या तीन विमानांमुळे. आकाशातल्या वस्तूचं माप डोळ्याला कळत नाही, हे विमान ओळखणाऱ्याचं सगळ्यात मोठं संकट. जमिनीवर झाड असतं, घर असतं, माणूस असतो. आकाशात काहीच नसतं. एक किलोमीटरवरची चार मीटरची वस्तू आणि दहा किलोमीटरवरची चाळीस मीटरची वस्तू डोळ्याला तंतोतंत सारखी दिसते. त्यामुळे "केवढं मोठं होतं ते!" या वाक्याला, उंची माहीत नसेल तर, काही अर्थ नसतो. गिब्सनच्या आकाशात मात्र मोजपट्टी होती. केसी-१३५ची लांबी सुमारे ४१ मीटर, एफ-१११ची सुमारे २२. या दोन्ही गोष्टी कुठल्याही पुस्तकात सापडतात. त्रिकोण या दोन आकड्यांच्या मध्ये बसत होता.

तीन वर्षं ते चित्र जगापुढे आलं नाही. डिसेंबर १९९२ मध्ये बिल स्वीटमन या विमानविषयक पत्रकाराने 'जेन्स डिफेन्स वीकली'मध्ये ते छापलं आणि गदारोळ उठला. कारण 'ऑरोरा' हे नाव तोपर्यंत लोकांच्या ओठावर होतं. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खर्चाच्या कागदांत या नावापुढे मोठी रक्कम दिसली होती. ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाणारं एसआर-७१ हे हेरविमान १९९० साली निवृत्त झालं, आणि त्याच्या जागी काहीतरी त्याहून वेगवान, गुप्त असलंच पाहिजे, असा तर्क लढवला जात होता. १९९१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपमापकांवर ध्वनिस्फोटांच्या नोंदी मिळत होत्या, त्याही याच खात्यात जमा झाल्या. १९९२च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या अमरिलो इथे दोरीत ओवलेल्या मण्यांसारखा दिसणारा धुराचा माग एका छायाचित्रकाराने टिपला. तोही जमा झाला, जरी साध्या विमानामागचे हवेचे भोवरे विस्कटतानाही तशी कडी होऊ शकतात.

मी हे सगळं साहित्य वाचलं आहे, आणि माझं मत सांगते. 'ऑरोरा' नावाचं विमान होतं यावर माझा विश्वास नाही. एसआर-७१ जिथे तयार झालं त्या लॉकहीडच्या गुप्त विभागाचे प्रमुख बेन रिच यांनी १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की ऑरोरा हे बी-२ बॉम्बफेकी विमानाच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या पैशांचं सांकेतिक नाव होतं. ते मला पटतं. पण यामुळे गिब्सनने पाहिलेला त्रिकोण नाहीसा होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत जगभर झाली आणि अजून होते. एका माणसाने एक आकृती प्रामाणिकपणे काढली. तिच्यावर नावाची चिठ्ठी इतरांनी चिकटवली. चिठ्ठी खोटी निघाली तेव्हा लोकांनी चित्रही टाकून दिलं. त्या दिवशी टँकरमागे काय उडत होतं हे आजतागायत कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. गिब्सननेही नंतर विमानांवर पुस्तकं लिहिली, पण त्या त्रिकोणाला स्वतःहून नाव दिलं नाही.

आधी नाव आणि मग आकृती, असं उलटं केलं की काय होतं, याचाही नमुना त्याच काळातला आहे. एफ-११७ गुप्त होतं तेव्हा, १९८६ साली, टेस्टर्स या खेळण्यांच्या कंपनीने 'एफ-१९' नावाने त्याची जोडायची प्रतिकृती बाजारात आणली. रडारला चकवणारं विमान गोलाकार, गुळगुळीत असणार, असा तर्क करून ती बनवली होती. मुलांनी ती हौसेने विकत घेतली. दोन वर्षांनी खऱ्या विमानाचा धूसर फोटो बाहेर आला तेव्हा ते पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं निघालं, सगळे सपाट तुकडे आणि टोकदार कडा. खरं विमान १९८१ पासून नेवाडाच्या वाळवंटावर रात्री उडत होतं.

आपल्याकडेही एका अनोळखी विमानाने मोठी खळबळ उडवली. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या खेड्यांवर हत्यारांच्या पेट्या हवाई छत्र्यांनी पडल्या. सकाळी गावकऱ्यांना शेतात बंदुका सापडल्या. विमान होतं अँटोनॉव्ह एएन-२६. चार-पाच दिवसांनी तेच विमान पुन्हा भारताच्या आकाशात आलं, तेव्हा हवाई दलाच्या मिगने त्याला मुंबईला उतरायला लावलं. मुख्य सूत्रधार मुंबई विमानतळावरूनच निसटला, ती वेगळी आणि लांब कहाणी. माझ्या नजरेत भरतं ते वेगळंच : एएन-२६चं धाकटं भावंड एएन-३२ आपल्या हवाई दलात १९८४ पासून आहे. दोन्हींचे पंख धडाच्या माथ्यावर, दोन्हींना दोन पंखे, दोन्हींच्या शेपटीखाली उघडणारं दार. फरक इतकाच की एएन-३२ची इंजिनं पंखांच्या वर बसवलेली असतात, कुणी खांद्यावर पोती घेतल्यासारखी. दिवसा हा फरक शाळकरी मुलालाही दाखवता येतो. पण ते विमान रात्रीच्या अंधारात आलं होतं.

विमानांचे नंबर टिपत बसणारी माणसं रिकामटेकडी, असं समजणाऱ्यांना मी कराचीची गोष्ट सांगते. ऑक्टोबर २००१ मध्ये 'द न्यूज'चे पत्रकार मसूद अन्वर यांनी बातमी दिली, की कराची विमानतळावरून रात्री एका येमेनी तरुणाला एका खाजगी जेटमध्ये चढवून नेण्यात आलं. त्यांनी विमानाचा नंबरही दिला, एन३७९पी. बातमी छोटीच होती. पण जगभरच्या विमानतळांबाहेर दुर्बिणी घेऊन उभ्या राहणाऱ्या हौशी लोकांच्या वह्यांत आणि फोटोंत तोच नंबर ठिकठिकाणी सापडत गेला. त्या नोंदी जुळवून पत्रकारांनी सीआयएचं ते जाळं उघडकीला आणलं, ज्यात माणसांना कोर्टापुढे न नेता देशोदेशीच्या कोठड्यांत पोचवलं जात होतं. वही लिहिणाऱ्या कुणालाच लिहिताना हे माहीत नव्हतं. त्यांनी फक्त नंबर, वेळ आणि जागा खरी लिहिली होती.

या छंदाला जोखीमही आहे. नोव्हेंबर २००१ मध्येच ग्रीसमधल्या कलामाटा इथे हवाई दलाच्या तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशींना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, वर्षभराने अपिलात सगळे सुटले. आमची दाबोळी तर नौदलाचाच तळ. तिथे कॅमेरा कधी बाहेर काढायचा नाही, हे आम्हा मुलांना न सांगता कळायचं. मला ते योग्यच वाटत आलं आहे. मी डोळे आणि पेन्सिल यांवर भागवलं.

आता फोन आहे. विमानं स्वतःच आपली ओळख, उंची आणि वेग रेडिओवरून सेकंदासेकंदाला सांगत असतात. ते संदेश झेलून नकाशावर दाखवणारं अॅप कुणीही वापरतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरबसचं बेलुगा, देवमाशासारखं फुगीर डोकं असलेलं मालवाहू विमान, मुंबईत उतरलं तेव्हा त्याचं नाव लोकांना ते दिसायच्या आधी कळलेलं होतं. मीही अॅप वापरते. पण लष्करी विमानं पुष्कळदा हे संदेश बंद ठेवतात. नकाशा कोरा असतो आणि डोक्यावर गडगडाट. अशा वेळी भाचरं माझ्याकडे पाहतात.

त्यांना मी सांगते, आवाज आला तिथे पाहू नका. विमान दहा किलोमीटर उंचावर असेल तर त्याचा आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढ्यात जेट सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या पुढे पाहा. मग पंख : धडाच्या माथ्यावर, मध्ये की पोटाशी? सरळ की वळलेले? इंजिनं किती आणि कुठे टांगलेली? शेपटीचा आडवा पंख आहे की नाही? तेजसला तो नाही, सुखोईला आहे, मिग-२१ला त्रिकोणी पंखही होते आणि आडवी शेपूटही. मिराज-२००० आणि तेजस दोन्ही बिनशेपटीचे त्रिकोण, पण तेजसच्या पंखाची पुढची कड सरळ जात नाही, मध्ये मोडते. आयएल-३८ मी अजूनही त्यांना कागदावर काढून दाखवते, कारण ते आता दिसत नाही. ज्या प्रवासी विमानावरून ते बेतलं त्याच्यापेक्षा त्याचे पंख बरेच पुढे सरकवलेले होते. त्यामुळे बाजूने पाहिलं की मागे नुसती शेपूटच शेपूट दिसायची. एकदा पाहिल्यावर ते दुसऱ्या कशासारखंच वाटायचं नाही. १ ऑक्टोबर २००२ ला, त्यांच्या तुकडीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या उड्डाणात, दोन आयएल-३८ दाबोळीजवळ हवेत एकमेकांना धडकली. नौदलाचे बारा जण गेले. आमच्या गावातल्या कुणालाही तो दिवस विसरता आलेला नाही. २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती विमानं निवृत्त झाली.

आणि भाचरांना एक सक्तीचा नियम : नाव शेवटी लिहायचं. नाव आलं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा, खोडाखोड करायची नाही.

टीयू-१४२ दाबोळीहून १९९२ साली तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्यांतलं एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलं आहे. मागच्या हिवाळ्यात मी तिथे गेले. विमानाच्या पोटातून चालत जाता येतं, पण आत जायच्या आधी मी बराच वेळ पंखाखाली उभी राहिले. लहानपणी माडांच्या वर पाहिलेली वस्तू आता हाताच्या टप्प्याजवळ होती, गंजू नये म्हणून रंगवलेली, समुद्राच्या वाऱ्यात स्तब्ध. पंख मागे वळलेले होते. सोबत ती वही नेली होती. तिच्यातल्या त्या पानावर पंखे पुसलेल्या जागी कागद अजून खरखरीत लागतो, आणि तिरप्या उजेडात धरला की पेन्सिलीच्या दाबाच्या रेघा दिसतात. प्रत्येक इंजिनावर मी तेव्हा चारच पाती काढली होती.

मी वर पाहून पाती मोजली. चार पुढच्या पंख्याची, चार मागच्याची. एका इंजिनावर आठ.